पोट साफ करून पाठवलेला सॅमन

ट्रेमधली माशांची पिल्ले एका अंगावर कलून गोल गोल फिरत होती. काही तळाशी निपचित पडली होती. ग्रेगने मोबाइलचा कॅमेरा आणखी खाली नेला.

"हे तुमच्या खाद्यामुळं," तो म्हणाला. "इथं दुसरं काहीच बदललेलं नाही."

ग्रेग उत्तर अमेरिकेतल्या एका थंड सरोवराकाठी हॅचरी चालवतो. हॅचरी म्हणजे माशांची अंडी उबवण्याची जागा. दर हिवाळ्याआधी तिथले लोक सरोवरातले ट्राउट आणि सॅमन पकडतात, त्यांची अंडी काढतात आणि पिल्ले वाढवून पुन्हा सरोवरात सोडतात. पिल्लांचे पहिले खाद्य आमच्या सिंगापूरच्या कंपनीतून जाते. जुरोंग ईस्टच्या ऑफिसात क्वालिटीचे काम माझ्याकडे आहे.

या नव्या खाद्याचा फॉर्म्युला माझ्या सहकारी हुई लिंगने बनवला होता. तिचे पहिले स्वतंत्र काम. कॉल संपल्यावर आमचा बॉस केल्विन म्हणाला, "शुक्रवारी उत्तर द्यायचंय. कारण मिळालं नाही तर चूक आपली, असं लिहून देऊ. हुई लिंगला फॉर्म्युलेशनमधून काढावं लागेल. क्लायंट ऐकणार नाही."

तो गेल्यावर हुई लिंग म्हणाली, "मग मी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवर फिश सूप विकते."

"बरंय," मी म्हटले. "तिथं मासे मेलेलेच लागतात."

ती हसली, पण जेवली नाही.

प्रत्येक बॅचचा एक डबा आम्ही राखून ठेवतो. तो तपासला. सगळी जीवनसत्त्वे ठरल्याप्रमाणे होती. मग मी ग्रेगकडून हॅचरीचे लॉगबुक मागवले. खाद्य सोमवारी सुरू झाले होते. पहिली फिरणारी पिल्ले आदल्या शुक्रवारी नोंदली होती. म्हणजे पिल्लांनी आमचा एक कणही खाल्लेला नसताना ती आजारी पडली होती.

मी हे केल्विनला दाखवले.

"आपण नाही, एवढं कळलं," तो म्हणाला. "मग कोण? ते नाही सांगितलं तर त्याला वाटेल आपण हात झटकतोय."

तक्रारीबरोबरच ग्रेगने सरोवरात नुकताच पकडलेला एक मोठा सॅमन गोठवून पाठवला होता. सरोवरात काही बिघाड नाही, मासे कसे धष्टपुष्ट आहेत पाहा, हे दाखवायला. मी त्याचा फोटो काढून बाबांना पाठवला. कामासाठी नव्हे. बाबांनी भंडाऱ्याकडे सरकारी मत्स्यबीज केंद्रात आयुष्य काढले. सॅमन मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पाच मिनिटांत फोन आला.

"अगं, याचं पोट कुठं आहे?"

"साफ करून पाठवलाय, बाबा."

"का?"

"वास येऊ नये म्हणून असेल."

"मग तुला काय पाठवलं त्यानं? नुसतं मांस? मासा मेला की आम्ही आधी पोट बघायचो. काय खात होता ते तिथंच कळतं. तुमच्याकडं एवढ्या मशिनी आहेत, आणि पोट फेकून देता?"

मी फोन ठेवला आणि ग्रेगला लावला. तिकडे संध्याकाळ होती, ताजा मासा टेबलावर होता. कॅमेऱ्यासमोर पोट फाडायला सांगितले. आत आठ लहान चंदेरी मासे निघाले. एकसारखे, बोटभर.

"हे एलवाइफ," ग्रेग म्हणाला. "बाहेरचे आहेत. गळाला लावायला कोणीतरी जिवंत आणले आणि उरलेले पाण्यात ओतले असणार. चार-पाच वर्षं झाली. सॅमन जाम खुश आहेत."

इथे कारण सापडले. एलवाइफच्या शरीरात थायमिनेज नावाचे एन्झाइम असते. ते बी-१ जीवनसत्त्व मोडते. सॅमन हे मासे खाऊन जाड होतो, पण त्याच्या अंड्यांत बी-१ उतरत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येते, तोल जातो, मरते. वर हेच एलवाइफ पाण्यातले सूक्ष्म जीवही फस्त करतात, जे सरोवरात सोडलेल्या लहान पिल्लांना लागतात. मोठे मासे जाड दिसत होते, म्हणून संशय कोणालाच आला नाही.

"सिद्ध कसं करणार?" केल्विनने विचारले.

उत्तर हुई लिंगने दिले. "दोन ट्रे. एका ट्रेच्या पाण्यात बी-१ विरघळवायचं. दुसऱ्यात काही नाही. खाद्य कोणालाच नाही."

शुक्रवारी सकाळी ग्रेगचा व्हिडिओ आला. साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्ले अजून फिरत होती. बी-१ च्या ट्रेमध्ये बहुतेक सगळी सरळ, डोके प्रवाहाकडे करून पोहत होती. ग्रेगचा आवाज मागून येत होता: "हुई लिंगला सांगा, तिचं खाद्य आता यांना देतोय."

केल्विनने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग हुई लिंगला म्हणाला, "पुढच्या फॉर्म्युल्याचं काय झालं? उशीर होतोय." तिला तेवढे पुरले. दुपारी ती नेहमीपेक्षा जास्त जेवली.

ग्रेगने तक्रार लेखी मागे घेतली. आता हॅचरीत दर हंगामात अंड्यांना बी-१ चे पाणी देतात. सरोवरातले एलवाइफ तिथेच आहेत. ते काढणे आमच्या हाती नाही, बहुधा कोणाच्याच नाही.

बाबांनी विचारले, "रिपोर्टात माझं नाव घातलंस का?"

"नाही. पण नमुने मागवायच्या फॉर्मवर एक ओळ वाढवलीय. सगळ्या क्लायंटना जाते."

"काय लिहिलंस?"

"मासा साफ न करता पाठवावा."