कडव्यांच्या मधला दादा

माझा थोरला भाऊ विजेवरची गिटार वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, आणि तेही नगरात! शेजारपाजारचे म्हणायचे, हा शॉक बसून मरणार एक दिवस. तो मेला विषमज्वरानं, मुंबईत. आम्हाला कळेपर्यंत त्याला तिथंच पुरूनही झालं होतं. आईला मूठभर माती टाकायला मिळाली नाही, याचा संताप माझा अजून गेलेला नाही.

छावणीत काही महिने एक काळा अमेरिकन सोजीर होता. त्याच्याकडून दादा ब्लूज, म्हणजे त्यांची ती दुःखाची गाणी, शिकला. तार बोटानं अशी ओढायचा की गिटारच रडतेय असं वाटावं. चर्चमधली वडीलधारी मंडळी नाकं मुरडायची, पण पोरं मात्र साध्या गिटारीवर त्याचीच नक्कल करायची. मग मुंबईहून बोलावणं आलं. एका बाईच्या भावगीतात, दोन कडव्यांच्या मधे, दादा वाजला. रेकॉर्डवर नाव त्या बाईचं. दादाचं कशाला असेल! पुढचं बोलावणं यायच्या आतच तो गेला, त्यामुळं वाजवलेलं उरलं ते एवढंच.

आईला त्या गाण्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. माझा लेक वाजवतो तेवढंच लाव, म्हणायची. मी ग्रामोफोनला चावी द्यायची, पीन अलगद गाण्याच्या मधोमध टेकवायची, दादाचं झालं की उचलायची. आणि परत तिथंच. रोज हेच. लढाईमुळं नव्या पिना मिळेनात, म्हणून तीच बोथट पीन फिरवत राहिलो. पिनेनं रेकॉर्ड झिजते, हे आम्हाला कुठं ठाऊक? खरखर वाढत गेली. आई भोंग्याला कान लावून बसू लागली. एके दिवशी नुसतीच खरखर आली, दादा आलाच नाही.

माझ्या हातून पीन चुकीच्या जागी पडली असेल, असं आईला वाटलं. म्हणून पहिल्यांदाच मी ते गाणं सुरुवातीपासून लावलं. बाईचं पहिलं कडवं कोरं करकरीत, शब्दन् शब्द स्वच्छ. मग खरखर. मग पुन्हा ती बाई, ठणठणीत आवाजात. असा राग आला मला तिचा!

आईनं हात पुढं करून रेकॉर्ड थांबवली.

"आपणच ऐकून ऐकून संपवला गं त्याला," ती म्हणाली.