ध्रुवावरचा करंट आणि लातूरची परात

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटची जुनी मंडळी भेटली की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा नवा किस्सा काढतो. विषयच तसा होता! पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांजवळ, ढगांच्याही खूप वर, विजेचे प्रचंड प्रवाह वाहतात. त्यांचा अभ्यास करणारे आमचे स्वामी सर राहायचे लातुरात. जिल्हा नवा कोरा, आणि दुष्काळ जुनाच.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात सर हेच समजावत होते. एक शेतकरी मन लावून ऐकत होते. म्हणाले, "सर, वर एवढा करंट हाय, तर एक वायर सोडा की खाली. आमची मोटार चालंल!"

"सोडतो की. पण विहिरीत पाणी हाय का?"

"न्हाई!"

"मग आपलं दोघांचं सारखंच. माझ्याकडं वायर न्हाई, तुमच्याकडं पाणी न्हाई!"

मी सरांकडे रिसर्चला लागले, तेव्हा आमची आत्या हादरली. "करंट शिकती? करंटी कुठली!" मुखेडात आमचं किराणा दुकान. दुष्काळात गिऱ्हाईक आटलं आणि माझे वडील, अण्णा, मला परत न्यायला एसटीनं लातूरला आले. माझी पेटी भरून तयार होती. आदल्या दिवसापासून रडून माझे डोळे सुजले होते.

अण्णांनी सरांना एकच प्रश्न विचारला, "ही जे शिकून राहिली, त्यानं पाऊस पडंल का?"

सर म्हणाले, "न्हाई. अजिबात न्हाई."

मला वाटलं, संपलं सगळं! अण्णा उठले. त्यांनी टोपी घातली. "औंदा जो भेटला त्यो पाऊस पाडतोच म्हनला. तुम्ही एकटे खरं बोलला. र्‍हाऊ द्या पोरीला."

आज माझ्या नावामागे जे 'डॉक्टर' लागलंय, ते त्या एका 'न्हाई'मुळे.

ध्रुवावरचा प्लाझ्मा, म्हणजे विजेचे कण भरलेला विरळ वायू, कसा फिरतो हे मला काही केल्या कळेना. सरांनी घरी बोलावलं. परातीत पाणी घेतलं, वर हळद भुरभुरवली आणि मधोमध बोटं ओढली. हळद मधून पुढे गेली आणि दोन्ही कडांनी वळून मागे आली. "बघ! अस्संच फिरतंय वर!"

तेवढ्यात काकू आल्या. टँकर येऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते. "अहो! प्यायचं पाणी की हो ते!" त्यांनी परात उचलली आणि तेच पाणी वरणात ओतलं.

त्या दिवशी आम्ही सगळे प्लाझ्मा जेवलो!

माझ्यासोबत रिसर्च करणारा कांबळे हदगावचा. त्याला अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी दिल्लीत मुलाखतीला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "पाणी मोजून मिळेल, रोज तेच जेवण, लाइट जाईल. राहू शकाल?"

कांबळे म्हणाला, "सर, मी होस्टेलातच राहतो!"

निवड झाली!

आणि तो परत आला तो दिवस. त्याची आई हदगावाहून आली होती. सगळे सरांच्या घरी बसलो. त्या करंटानं ध्रुवावर रात्री आकाश कसं उजळतं, ते कांबळे दोन्ही हात हलवून सांगत होता. आकाशभर हिरवा पडदा, मधेच लाल किनार, वाऱ्यावर हलल्यासारखा, आणि आवाज कसलाच नाही. सर एरवी प्रश्न विचारून हैराण करायचे. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. चष्मा काढून नुसते ऐकत राहिले.

आईनं हळूच विचारलं, "सरांनी कवा बघितलं ते?"

"सरांनी न्हाई बघितलं, आये. कधीच न्हाई."

आई सरांकडे वळली. "न बघताच शिकवलंत?"

"हाव," सर म्हणाले.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग तुम्ही आमच्यासारखेच. आम्हीबी शाळा न बघताच पोराला शाळेत घातलं."