ठाकुरजी जेवले का?

वृंदावनातल्या आमच्या गल्लीत गेंदोचाचीइतकं राबणारं माणूस नाही, आणि तिच्या घरातल्या दोघांइतकं बोलणारं तर मुळीच नाही. नवरा दाऊदयाल ज्ञानमार्गी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो ब्रह्मावरून खाली उतरलेला नाही. धाकटा दीर छीतरमल भक्त. पेटी वाजवतो आणि रडतो. कर्ममार्ग चाचीच्या गळ्यात पडला, तोही तिला न विचारता. पहाटे देव्हाऱ्यातल्या ठाकुरजींना, म्हणजे बाळकृष्णाला, उठवायचं, न्हाऊ घालायचं, नैवेद्याचा भोग दाखवायचा आणि मग या दोघांना वाढायचं. ठाकुरजींच्या आधी त्या घरात कुणी घास घेत नाही.

मोतीबिंदू पिकला तरी चाची ऑपरेशनला तयार होईना. "ठाकुरजींना जेवू कोण घालेल?" शेवटी मीच तिला ओढत मथुरेला नेलं. ऑपरेशन नीट झालं. तिला साखरेचा त्रास, म्हणून डॉक्टर म्हणाले, आता लगेच काहीतरी खा. मी दलियाची वाटी पुढे केली. चाचीनं तोंड मिटलं.

"आधी घरी विचार. ठाकुरजी जेवले का?"

मी फोन लावला. जेवले कसले! चूलच पेटली नव्हती. दोघे भाऊ उपाशीपोटी वाद घालत बसलेले.

"ज्ञानाशिवाय कर्म आंधळं," दाऊदयाल मला समजावू लागला.

"आणि भाव नसेल तर भोग म्हणजे नुसती खिचडी!" मागून छीतरमल ओरडला.

"अहो, पण खिचडी तरी आहे का?" माझं डोकंच फिरलं. "इथं चाची गळून पडलीय! तुमचे तिन्ही मार्ग घाला चुलीत, पण चूल पेटवा!"

बऱ्याच वेळानं फोन आला. चाचीलाही ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. छीतरमल रडत होता, या खेपेला पेटीशिवाय. "वहिनी, दादानं घात केला! मीठ बघायला खिचडी चाखली. भोग उष्टा झाला!"

"चाखल्याशिवाय मीठ कळणार कसं?" दाऊदयालचा आवाज आला.

भोग चाखायचा नसतो, एवढंही या ज्ञान्याला ठाऊक नव्हतं. जन्मभर आयतं गिळलं की असंच होतं. छीतरमल म्हणत होता, पुन्हा नव्यानं शिजवायला हवं. इकडे चाचीला दरदरून घाम सुटला होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"भावजी, तीच दाखवा."

"उष्टी, वहिनी?"

"दाखवा म्हणते ना! इतकी वर्षं मी न चाखता शिजवलं. कधी खारट, कधी अळणी. बिचारा मुकाट्यानं खात आला. आज एक दिवस तरी बेताच्या मिठाचं खाऊ दे त्याला."

फोनवर भोगाची घंटी ऐकू आली, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.