लहान अक्षरातली रेखा

पोलीस सेवेतून निवृत्त झालो, पण ते प्रकरण काही मनातून गेलं नाही.

पाचोऱ्याजवळच्या केळी पिकवायच्या शीतगृहाचे मालक ठाण्यात आले, ते गुन्हेगार ठरवूनच. कोणीतरी खोलीचं तापमान मुद्दाम उतरवलं आणि केळी काळी पडली. संगणकात नोंद ऑपरेटर रेखाची. (नाव बदललं आहे.) पगारवाढ नाकारल्याचा तिने राग काढला, असं त्यांचं म्हणणं. अंमलदाराने तक्रार मराठीत टंकली: ‘रेखा या युजरनेमवरून’.

जबाबाला बसवली तर बाई पाणीही घेईना. मुलीची सुपारी फुटली होती, सासर भडगावचं. आईला अटक झाली की सोयरीक मोडणार, ही एकच भीती.

“मी नही करं, साहेब. माले धरी लई जाशात, ते याही काय म्हनतीन?”

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो. हिला व्याह्यांची काळजी होती. मी अटक थांबवली आणि पंचांसमोर तिला संगणक उघडायला लावला. इंग्रजीत नाव टाकताना तिने पहिल्या अक्षराला शिफ्ट दाबलं. विचारलं तर म्हणाली, पहिलं अक्षर मोठं घातल्याशिवाय उघडतच नाही. मूळ नोंद मागवली. तीत पहिलं अक्षर लहान होतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं, त्यामुळे आमच्या तक्रारीत तो फरकच पुसला गेला होता.

संगणकवाल्याला बोलावलं. आधी याच नावाची एक ऑपरेटर होती, लग्न होऊन गेली. तिचं लॉगिन बंद न करता याने नवीला मोठ्या अक्षराने दुसरं करून दिलं. जुन्या लॉगिनचा पासवर्ड शीतगृहाच्या सुपरवायझरला ठाऊक होता. त्याला समोर बसवताच तो रडायला लागला. त्या लॉगिनवरून त्याच्याच हातून तापमानाचा आकडा चुकीचा पडला होता, नोकरी जाईल या भीतीने गप्प बसला. मालकांनी तक्रार मागे घेतली. आता तिथे लहान-मोठं अक्षर एकच धरतात.

कागदावर काम संपलं होतं. पण बातमी भडगावला पोचली होती. मी गणवेशातच व्याह्यांच्या दारी गेलो. गल्ली जमली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या बाईंची काही चूक नव्हती.

व्याही शांतपणे म्हणाले, “साहेब, आम्ही पोर देखीसन सोयरीक करी. कंपनीना कागद देखीसन नही.”

मला फार बरं वाटलं. आरोप गावभर होतो आणि निर्दोष सुटल्याचं फायलीतच राहतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे प्रत्येक वेळी ते दारी जाऊन सांगत राहिलो. त्या लग्नालाही गेलो, साध्या कपड्यांत.