किरमिजी सदऱ्यांची म्यूरिएल

म्यूरिएल हॅलस्टेडला फुटबॉल चांगला कळायचा, पण तिचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. हॅरोक्लफ टाउन क्लबचे कपडे धुवायचे, एवढंच तिचं काम. शनिवारचा सामना संपला की किरमिजी सदरे आणि चिखलाने दगड झालेले मोजे ती घरी न्यायची आणि रविवारी मागच्या गल्लीत, या घरापासून त्या घरापर्यंत बांधलेल्या दोरीवर वाळत घालायची. अशी एकतीस वर्षं गेली. नवरा विल्फ याच क्लबात बचावाला खेळायचा. तो गेला त्या आठवड्यातही सदरे वेळेवर इस्त्री होऊन आले होते.

खेळाडू काही बडे लोक नव्हते. कप्तान लेन टॉवलर टपाल वाटायचा, गोलकीपर नॉर्मन खाटीक होता. शनिवारी चार पैसे घेऊन खेळायचं आणि सोमवारी लंगडत कामावर जायचं. पण कापडगिरणी बंद पडल्यावर गावाचं नाव लावणारं एवढंच उरलं होतं.

१९८७च्या वसंतात क्लबचे नवे अध्यक्ष रॉडनी पेल यांनी जाहीर केलं की, मैदानावर घरं होणार आणि क्लब चार मैलांवरच्या स्केलब्रुकच्या क्लबात विलीन होणार. स्केलब्रुक! ज्यांच्या पोरींशी लग्न करतानाही हॅरोक्लफचे लोक दोनदा विचार करायचे, ते स्केलब्रुक. नव्या संघाचा रंग निळा. लोकांना सवय व्हावी म्हणून मोसमाचा शेवटचा सामनाच निळ्यात खेळायचा, असं ठरवून पेलसाहेबांनी सदऱ्यांचं खोकं म्यूरिएलकडे पाठवलं.

शनिवारी तिने खेळाडूंच्या खोलीत खुंट्यांवर ओळीने किरमिजी सदरे टांगले. निळ्यांचं खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि त्यावर बसून ती विणकाम करू लागली.

पेलसाहेब आत आले. "बाई, हे काय? निळे कुठायत?"

"माझ्या बुडाखाली."

खोलीत हशा पिकला. पेलसाहेबांचे कान लाल झाले. "उठा आधी. क्लब माझा आहे."

"जागा तुमची असेल. क्लब तुमचा कसा? तुम्ही कधी पावसात उभं राहून सामना बघितलाय?"

पेलसाहेब खेळाडूंकडे वळले. "जो किरमिजी घालेल, त्याला पुढच्या मोसमात जागा नाही. नीट ऐकून ठेवा."

लेनने खुंटीकडे नेलेला हात मागे घेतला. लेनच्या घरी तीन लहान मुलं होती, शनिवारचे पैसे त्याला लागायचे. म्यूरिएलच्या सुया थांबल्या. पोरांना आपण कात्रीत पकडलं, असं तिला वाटलं. ती हळूच म्हणाली, "लेन, तुला निळा घालायचा तर घाल रे. मी उठते."

"बसा हो काकू," नॉर्मन उठत म्हणाला. "मला निळा शोभत नाही, मेल्या डुकरासारखा दिसतो मी." गोलकीपरचा सदरा वेगळाच असतो, हिरवा, तरी त्याने खुंटीवरचा एक किरमिजी ओढून त्या हिरव्याच्या आत घातला. मग लेनने घेतला. मग सगळ्यांनीच.

त्या दिवशी ते चार-एकने हरले. लोक मात्र सामना संपल्यावरही तासभर जागचे हलले नाहीत.

पेलसाहेबांनी बोलल्याप्रमाणे केलं. मैदानाला कुलूप लागलं. म्यूरिएलला पत्र आलं की, सदरे ही क्लबची मालमत्ता आहे, परत करा. तिने उत्तर धाडलं, "रविवारी दोरीवर असतात. सगळ्या गल्लीसमोर येऊन काढून घ्या." कुणी आलं नाही.

जून महिन्यात चर्चच्या सभागृहात दोनशे माणसं जमली. बरेच जण म्हणाले की, आता उपयोग नाही, स्केलब्रुकला जाऊ. आयुष्यात पहिल्यांदा म्यूरिएल सभेत उभी राहिली. "ज्याला जायचं त्याने जावं. मी सोमवारपासून उद्यानातल्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारणार आहे. अकरा माणसं मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर रेषा तरी असतील."

माणसं मिळाली. जिल्ह्यातल्या सगळ्यात खालच्या गटात त्यांनी नाव घातलं. अर्जावर 'क्लबची स्थापना' या रकान्यात म्यूरिएलने जुन्याच क्लबचं साल लिहिलं, १८८९. अर्ज परत आला: आपला क्लब या वर्षीचा आहे. तिने पुन्हा १८८९ लिहिलं. पुन्हा परत. तिसऱ्यांदा तिने तेच लिहिलं आणि आकडे जरा मोठे काढले. शेवटी गटाच्या कचेरीतला कारकूनच कंटाळला आणि त्याने अर्ज ठेवून घेतला.

पहिल्या मोसमात कुत्री हाकलून सामने सुरू व्हायचे, खेळाडू तिच्या स्वयंपाकघरात कपडे बदलायचे आणि संघ बहुतेक वेळा हरायचा. पाच वर्षांत पेलसाहेबांचा निळा क्लब बुडाला आणि ते गाव सोडून गेले. आता स्केलब्रुकचे लोकही उघड्यावर पडले. त्यांनीही आपला जुना पिवळा रंग पुन्हा बाहेर काढून, सगळ्यात खालून सुरुवात केली.

दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा उद्यानात नऊशे माणसं लोटली. स्केलब्रुकचे सदरे धुणारी, आयव्ही क्रॅबट्री नावाची ठेंगणी बाई, हात पुढे करत म्हणाली, "तुमचं बघूनच आम्हाला धीर आला, बाई."

म्यूरिएलने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "हात नंतर मिळवू. आधी तुम्हाला हरवायचंय."

"स्वप्न बघा!" आयव्ही म्हणाली.

मग दोघी कठड्याला शेजारी-शेजारी रेलून, नव्वद मिनिटं एकाच पंचाला शिव्या घालत उभ्या राहिल्या. हॅरोक्लफ दोन-एकने जिंकलं.