पाटणादेवीची वेल

पाचोऱ्यातल्या जैनबआपा लग्नसराईत बायकांच्या हातांवर मेंदी काढत. नक्षी मात्र नेहमी छापील पुस्तकातली. यंदा हिवाळ्यात शेजारच्या मोहिनीने त्यांना आग्रहाने पाटणादेवीच्या जंगलात नेले. तिथल्या जुन्या दगडी देवळात कोरलेल्या वेलीवरून आपा कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग बाहेर येऊन झाडावर चढलेली खरी वेल निरखू लागल्या.

“आपा, जेवायचं ना?” मोहिनीने विचारले.

“आधी हात दे,” म्हणत त्यांनी पिशवीतून मेंदीचा कोन काढला.

मोहिनीच्या दोन्ही तळहातांवर पहिल्यांदाच आपांच्या मनातली वेल उमटली. एक पान जरा वाकडे झाले.

“राहू दे,” आपा हसल्या, “झाडावरचंही तसंच आहे.”

मेंदी ओली होती, म्हणून कळण्याची भाकरी त्यांनीच मोहिनीला घासघास भरवली.