विहिणीच्या पंगतीत कॉर्न्ड बीफ

आमच्या विहीणबाई सुनेच्या बाळंतपणासाठी आयर्लंडहून सिंगापूरला आल्या आणि पंधरवड्यातच उपाशीपोटी परत जायला निघाल्या.

उपाशी म्हणजे टोस्ट खायच्या, केळं खायच्या, चहा प्यायच्या. पण त्याला काही जेवण म्हणत नाहीत. माझ्या लेकीच्या, केतकीच्या, बुकित तिमाहच्या कॉन्डोमध्ये त्यांना स्वतंत्र खोली होती, एसी होता, खिडकीतून झाडं दिसत होती. खाण्याचं तेवढं जमत नव्हतं. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नेलं, तर नूडल्सच्या वाफेनेच त्यांना ठसका लागला. माझ्याकडे आल्या, तेव्हा मी अगदी आजाऱ्यासाठी करतात तसं फिकं वरण केलं होतं. त्याला त्या ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या. आता परदेशी माणसाने अन्नाला इंटरेस्टिंग म्हटलं की ताट उचलायला हरकत नसते, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

शेवटी एका संध्याकाळी जावई एकटाच आमच्या बिशानच्या फ्लॅटवर आला. डेक्लन सहा फुटांच्या वर आहे, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर असा बसला होता, की शाळेतून नापास होऊन आलेलं पोर वाटावं. (मला तो आईच म्हणतो. केतकीपेक्षा जास्त वेळा म्हणतो.) सांगायला लागला, की मम्मी तिकीट बदलून घेतेय, सोमवारी निघायचं म्हणतेय. इथे आपलं सगळ्यांना ओझं होतंय, असं तिला वाटतं. वडील गेल्यापासून ती एकटी. बाळाला सर्वांत आधी तिने हातात घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि बाळाला तर अजून दीड महिना अवकाश.

मी विचारलं, “तिला घरी काय आवडतं?”

“कॉर्न्ड बीफ,” तो म्हणाला आणि त्याचा चेहराच बदलला. “ब्रिस्केटचा, म्हणजे छातीकडचा, मोठा तुकडा, काळ्या स्टाउट बिअरमध्ये हळूहळू शिजवलेला. बाबा होते तेव्हा रविवारी असायचं. इतकं मऊ की सुरी लागायची नाही.” मग आपण हे कोणाला सांगतोय ते त्याच्या लक्षात आलं. “सॉरी, आई.”

“त्यात सॉरी काय,” मी म्हटलं.

आम्ही मालवणकडचे. मासे, मटण, कोंबडी सगळं खाणारे. पण हे नाही. हे आमच्या घराण्यात कोणी उंबऱ्याच्या आत आणलेलं नाही. तरीपण मी रात्रभर विचार केला. केतकीचं लग्न झालं रजिस्टर, तेही विमानं बंद होती त्या दिवसांत. त्यामुळे विहीणबाई, म्हणजे मॉरीनबाई, लग्नाला येऊच शकल्या नाहीत आणि विहिणीची पंगत राहून गेली. मुलीच्या आईने विहिणीला रांगोळीत बसवून, आग्रह करकरून वाढायचं, ते माझ्याकडून झालंच नाही. आणि आता तीच विहीण केळी खाऊन परत जाणार. पुढे माझ्या लेकीला सासरी कोणी काही बोललं नसतं, आयरिश लोकांत तशी पद्धत नसावी. पण मला माहेरी नक्की बोलले असते.

म्हणून मी ठरवलं, की करायचं. रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काय करणार ते सांगितलं नाही, म्हटलं सरप्राइज असू दे. आमच्या ह्यांना मात्र सांगावं लागलं, कारण घर एकच. हे मरीन इंजिनिअर, तीस वर्षं जहाजावर काढून आता निवृत्त. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, “मंद आचेवर ठेव. तीन तास तरी.” इंजिनिअर माणूस, उष्णतेचं कळत असणार, असं मी समजले.

मांस आणायला मी परदेशी सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला गुलाबी तुकडा माझ्यासमोर धरला. मी मान दुसरीकडे वळवली आणि पिशवी पुढे केली. तो काहीतरी बराच वेळ समजावून सांगत होता. मी चीजच्या कपाटाकडे बघत “येस, येस, ओके” म्हणत राहिले. न बघता घेतलं म्हणजे पाप अर्धं होतं, असा काहीतरी माझा हिशोब होता.

स्टाउट मिळाली आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये. इथे कॉफी शॉपमध्ये बिअरही मिळते. तिथला अंकल मला रोज कोपी, म्हणजे इथली कॉफी, देतो. सकाळच्या वेळी मी तीन बाटल्या मागितल्यावर त्याने ग्लास किती, असं विचारलं. मी म्हटलं, घरी न्यायच्यात, मुलीसाठी करायचंय काहीतरी, तिला सातवा सरला. तो खूश झाला. म्हणाला, चांगलं असतं आंटी, बाळंतपणानंतर रक्त भरून येतं, माझी आईसुद्धा द्यायची. (मागाहून तीन दिवस तो मला ‘बाळ झालं का’ म्हणून विचारायचा आणि बाटली पुढे करायचा.)

रविवारी पहाटे उठून आंघोळ केली. देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला आणि गणपतीला सांगितलं, की हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही लक्ष देऊ नका. नवीन जाड बुडाचं पातेलं आणलं होतं, जे काम झालं की केतकीच्या घरी कायमचं जाणार होतं. हातात भांडी घासायचे रबरी मोजे, मोज्यांत लांब चिमटा. फोनवर एका लाल केसांच्या मुलीचा व्हिडिओ लावला. तिने कांदा घातला, मी कांदा घातला. तिने गाजर, तमालपत्र, मिरी घातली, मीही घातली. तिने तुकडा ठेवून बिअर ओतली. झाकण लावलं. आणि संपलाच व्हिडिओ.

मी पुन्हा पाहिला. मग पुन्हा. मुलीने मीठ घातलंच नव्हतं. एवढा मोठा तुकडा आणि मीठ विसरली. हल्लीच्या मुली केसांना रंग लावतील, पण मिठाचं भान नाही. मी खडेमीठ घेतलं आणि मूठभर घातलं. मग तुकडा आत भक्कम दिसला म्हणून आणखी अर्धी मूठ.

तासाभराने घरात असा वास सुटला, की आमचे हे पेपर ठेवून एकदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन गेले. मी म्हटलं, “त्रास होतोय ना वासाचा?” ते “हो” म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी बिचाऱ्यांसाठी खिडकी उघडली.

रस्सा काळाकुट्ट झाला होता. वासाला कडवट. कारल्याला लावतो तसा मी गूळ लावला. पण कडू गेलं का, हे कळायचं कसं? चव मी बघणं शक्य नव्हतं. मग वाटीत थोडा रस्सा घेतला आणि शेजारी लिम आंटींचं दार वाजवलं. त्या बाई सकाळी डुकराचे पाय, दुपारी बेडूक, सगळं खातात. त्यांनी वाटीत वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे गेल्या. म्हणाल्या, “बीफ कॅनॉट, लाह. आमची ग्वानयिन देवी रागावते.” वीस वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतेय, आणि मटण-कोंबडी खाऊनही बीफ न खाणाऱ्या एकट्या आपणच, अशा समजुतीत होते.

पुढचं दार फरीदाचं. ती बीफ मस्त करते, ईदला वास येतो. तिने आनंदाने वाटी हातात घेतली आणि मग विचारलं, हे काळं काय आहे. सांगितल्यावर तिने वाटी इतक्या सावकाश माझ्या हातात परत ठेवली, की मला स्वतःचीच लाज वाटली. तिच्यापुढचे सुब्रमण्यम शुद्ध शाकाहारी. त्यांनी दार उघडलं, श्वास घेतला आणि दार लावलं. राहिला कोपऱ्यातला जिमला जाणारा मुलगा. तो सगळं खातो, हे मला त्याच्या कचऱ्याच्या पिशवीवरून माहीत होतं. तो म्हणाला, “आंटी, मी गेल्या महिन्यात व्हेगन झालो.”

एका मजल्यावर इतके धर्म, इतक्या भाषा, आणि एक चमचा रस्सा चाखायला माणूस मिळेना. मी वाटी घेऊन परत आले. वाटलं, आपण उगाच घाबरतोय. गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाक वर्षानुवर्षं करतेय, चव बघायची नाही, उष्टं करायचं नाही, सगळं अंदाजाने. कधी मीठ चुकलं? मॉरीनबाई काय, आज त्याच आमच्या देव. हात जोडले आणि मोठा तुकडा आहे, मीठ आतपर्यंत मुरायला हवं, म्हणून आणखी चिमूटभर घातलं. (माझी चिमूट पाच बोटांची आहे.)

दुपारी मंडळी आली. केतकी दारातच वास घेऊन तोंडावर पदर, म्हणजे ओढणी धरून सरळ आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी मॉरीनबाईंना टेबलापाशी बसवलं. ताटाभोवती रांगोळी, समई, उदबत्ती, चांदीचा पेला. कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी डेक्लनला हळूच विचारलं, आज कोणाचा वाढदिवस आहे का. मी मधोमध पातेलं ठेवून झाकण काढलं.

बाई बघतच राहिल्या. त्यांनी काटा नुसता टेकवला तर मांसाचा पापुद्रा सुटून आला, लोण्यासारखा. “ओह, सुधा,” एवढंच म्हणाल्या. डेक्लनने खुर्ची पुढे ओढली. दोघांनी एकदम घास घेतला.

मॉरीनबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग पाण्याचा पेला घेतला आणि पूर्ण संपवला. “फारच मऊ झालंय,” म्हणाल्या. डेक्लनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला कळलं, की त्याला वडिलांची आठवण झाली. माझ्याही डोळ्यांना पदर गेला. मी त्याच्या ताटात आणखी एक मोठा तुकडा वाढला, बाईंना दोन वाढले, वरून रस्सा. त्या “नो, नो” म्हणत होत्या, पण विहिणीने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, त्यालाच तर पंगत म्हणतात. त्यांनी बिचाऱ्यांनी तेही खाल्लं. त्यांचा पेला मी चार वेळा भरला. उकाडा होताच.

आमचे हे इतका वेळ आपल्या वरणभातावर होते. ते उठले, डेक्लनच्या ताटातला एक तुकडा काट्याने उचलला आणि, माझ्या डोळ्यांदेखत, तोंडात टाकला. दोनदा चावला आणि थांबले.

“अगं, भिजवलं नव्हतंस?”

मी म्हटलं, “काय?”

“कॉर्न्ड म्हणजे खारवलेलं असतं. रात्रभर भिजवून पाणी टाकायचं असतं. तू वरून मीठ घातलंस की काय?”

दुकानातला मुलगा काय सांगत होता, ते मला तेव्हा ऐकू आलं. आणि मी मालवणची. खारा बांगडा भिजवल्याशिवाय आयुष्यात चुलीवर ठेवला नाही. पण ते नंतर. आधी मी ह्यांच्याकडे वळले.

“तुम्हाला कसं माहीत?”

हे काट्याकडे बघत होते.

“जहाजावर तर तुम्ही उकडलेले बटाटे खाऊन दिवस काढायचात. मला दर सुट्टीला सांगत होतात.”

“खायचोच,” हे म्हणाले. “ह्याच्याबरोबर.”

तीस वर्षं! दर वेळी जहाजावरून आले, की मी ‘किती वाळलात हो’ म्हणत त्यांना पुरणपोळ्या घालायचे. आतल्या खोलीतून केतकीचं हसू ऐकू आलं. बंद दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती म्हणाली, “बाबा, यू आर सो डेड, लाह.”

पुढचं सगळं त्या दोघांनीच केलं. हे आणि मॉरीनबाई. रस्सा सिंकमध्ये गेला, तुकडा साध्या पाण्यात दोनदा उकळला, बटाटे आणि कोबी पडले, उरलेली बाटली ओतली गेली. आमचे हे, ज्यांना माझ्या स्वयंपाकघरात चहाची साखर कुठे आहे हे माहीत नाही, ते विहीणबाईंना सांगत होते की कोबी शेवटी घालायचा. त्या म्हणत होत्या, की त्यांच्या नवऱ्याचंही असंच मत होतं. मी बाहेर रांगोळीसमोर बसले होते. संध्याकाळी सगळे पुन्हा टेबलापाशी बसले, आणि बाई पोटभर जेवल्या. पहिल्यांदा. मग आमच्या ह्यांनाही वाढलं. मी कुंकवाची कोयरी आत नेऊन ठेवली, बघितलं नाही.

रात्री डेक्लनचा फोन आला, की मम्मीने तिकीट बदलायचं रद्द केलं, बाळ होईपर्यंत थांबतेय. मी लगेच पुण्याला बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, की विहीण माझ्या पाहुणचारावर राहिली. पंगत फळाला आली.

खरं काय ते बाळ झाल्यावर कळलं. हॉस्पिटलमध्ये मॉरीनबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डेक्लन कौतुकाने बघत होता, आणि मी म्हटलं, बघ, त्या दिवशीच्या जेवणाने सगळं जुळून आलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “हो, आई. मम्मी त्या रात्री गाडीत तेच म्हणाली. ‘सुधा फार प्रेमळ आहे. पण ती चव न बघता रांधते आणि मग नको म्हटलं तरी वाढते. त्या घरात बाळंतीण असणार आहे. मी कशी निघून जाऊ?’”

त्या तीन महिने राहिल्या. मी केतकीसाठी केलेली अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओव्याचं पाणी, काहीही असो, पहिला चमचा त्या पुढे येऊन स्वतः खायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि मगच वाटी आत जाऊ द्यायच्या. मी ओळखीत सगळ्यांना सांगते, की आमच्या आयरिश विहीणबाईंना माझ्या हातची खीर इतकी आवडते, की लेकीच्या आधी त्यांना लागते. सांगण्यात खोटं काहीच नाही.